नव्वद अंशांवरचं रीडिंग

परवा बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकल परीक्षेत एका मुलीनं मला प्रिझमचं रीडिंग दाखवलं. उत्तर पुस्तकाला दशांशाच्या दुसऱ्या स्थळापर्यंत मिळालेलं. वहीचं मागचं पान उलटलं तर तिथे पेन्सिलीत उलटा हिशेब होता, आधी उत्तर आणि मग त्यावरून कोन. आमच्याकडे याला रीडिंग बसवणं म्हणतात. अकरावीपासून सगळे बसवतात, आणि बसवता बसवता पास झालेलेच पुढे प्रॅक्टिकल घ्यायला उभे राहतात. मी तिला रागावले नाही. तो अधिकार मला नाही. का नाही ते सांगायचं तर कोरडे सरांबद्दल सांगावं लागेल.

भानुदास कोरडे. जालन्याच्या आमच्या कॉलेजात त्यांनी एकतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. मूळचे कुंभार पिंपळगावचे, शेतकऱ्याच्या घरातले, पण राहायला बदनापूरला. सकाळच्या पॅसेंजरनं यायचं आणि संध्याकाळी मिळेल त्या गाडीनं परतायचं. उंच, मानेत जरा वाकलेले, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट. शर्टाच्या खिशात तीन वस्तू कायम असायच्या. रेल्वेचा पास, पेन, आणि करड्या रंगाचा प्लास्टिकचा एक तुकडा. तुकडा बंद पडलेल्या कॅल्क्युलेटरच्या काचेवरून सोललेला होता. आमच्या विषयात त्याला पोलरॉइड म्हणतात. कुठेही उभे असले की सर तो डोळ्यासमोर धरायचे आणि हळूहळू फिरवत आभाळाकडे बघायचे. एका शोकसभेतसुद्धा मी त्यांना तसं करताना पाहिलंय. सभा मैदानात होती, हे त्यातल्या त्यात बरं.

लग्नानंतरची पहिली दोन वर्षं मीही बदनापूरहून जात असे, कारण सासर तिथलं. त्यामुळे सरांचे बरेच उद्योग मी फलाटावरच पाहिले. एकदा बाकावर एक म्हातारे शेतकरी बिडी ओढत बसले होते. सर त्यांच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "बापू, जरा हातातच धरा. ओढू नका." बापूंना वाटलं तिकीट तपासनीस आला. बिडी पायाखाली जाणार तेवढ्यात सरांनी त्यांचा हात धरला. बिडीच्या टोकातून निळसर धूर चढत होता. सरांनी बाजूनं तुकडा धरून फिरवला आणि मग तो बापूंच्या डोळ्याला लावला. तुकडा आडवा केला की धूर जवळजवळ दिसेनासा व्हायचा, उभा केला की परत दिसायचा. मग सर म्हणाले, आता ओढा आणि सोडा. तोंडातून आलेला पांढरा धूर मात्र तुकडा कसाही फिरवला तरी दिसतच राहिला.

"ह्यो कामून जात न्हाई?" बापूंनी विचारलं.

"बिडीच्या टोकाचा कण बारीक असतो. त्याच्यावर आपटून उजेड बाजूला गेला की एकाच दिशेनं हलतो, म्हणून हा तुकडा त्याला अडवू शकतो. तुमच्या छातीत जाऊन आलेला कण ओलाव्यानं फुगलेला असतो. त्याचा उजेड कसाबी हलतो. तो अडत न्हाई."

बापूंनी दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाले, म्हणजे वाया जाणारा धूरच चांगला म्हणायचा. गाडी आली तरी दोघं तिथेच होते. शेवटी मी हाक मारली तेव्हा सर धावत डब्यात चढले आणि जालना येईपर्यंत बापूंचं कौतुक करत राहिले. बी.एस्सी.च्या पोरांना जे तीन तासांत समजत नाही ते या माणसाला एका बिडीत समजलं, असं त्यांचं म्हणणं होतं. मी म्हटलं, बापूंना प्रॅक्टिकलची परीक्षा द्यायची नव्हती.

सरांची बॅच म्हणजे मुलांच्या दृष्टीनं फुटकं नशीब. नियम कडक होते. रीडिंग पेननं लिहायचं. खोडायचं झालं तर एकच रेघ मारायची, म्हणजे खालचा आकडा वाचता आला पाहिजे. खोडरबर कोणाकडे दिसलं तर ते टेबलाच्या खणात जायचं, आणि त्या खणात पंधरावीस वर्षांची खोडरबरं साठली होती. ज्याचं उत्तर पुस्तकाला तंतोतंत मिळालं त्याला ते उभं करून विचारायचे, कुठून आणलं? एका वर्षी बाहेरून आलेले परीक्षक सगळ्या वह्या चाळून वैतागले आणि म्हणाले, सर, तुमच्या एकाही मुलाचं उत्तर बरोबर नाही. सर म्हणाले, "सतरा पोरांची सतरा उत्तरं आलीत ना? मंग बराबर हाय." परीक्षक जेवणापर्यंत फुगून बसले. मार्क कमी पडले ते मुलांना, सरांना नाही. हे मी तेव्हाही त्यांना बोलून दाखवलं होतं, आणि त्यांनी नुसती मान हलवली होती.

विभागात नावांचा एक फलक होता. त्यावर सगळ्यात वर सरांचं नाव, आणि खाली आमच्यासारख्या तासिका तत्त्वावरच्यांची. मधल्या सगळ्यांच्या नावापुढे डॉ. लागलेलं. सर म्हणायचे, मला त्याचं काही नाही. पण एकदा रिकाम्या स्टाफरूममध्ये ते वर्तमानपत्र विसरून गेले, आणि समासात मला त्यांच्या सहीचे चार नमुने दिसले. चारही सह्यांत पुढे डॉ. होतं, प्रत्येकात वेगळ्या वळणाचं. मी तो पेपर घडी घालून खाली ठेवून दिला. वयाच्या बावन्नाव्या वर्षी त्यांनी पीएच.डी.ला नाव नोंदवलं होतं. गावाकडे थोरला भाऊ शेती बघायचा. तो दर रविवारी फोन करून एकच प्रश्न विचारायचा, झालं का? बाकी हालहवाल वहिनींना, म्हणजे सरांच्या बायकोला, विचारायचा.

विषय त्यांच्या खिशातल्या तुकड्याचाच होता. चांदीचे अतिशय बारीक कण पाण्यात तरंगत ठेवायचे. ते पाणी हळदीच्या पाण्यासारखं पिवळं दिसतं. त्यातून लेझरचा किरण सोडायचा आणि बाजूनं वेगवेगळ्या कोनांतून बघायचं की फेकला गेलेला उजेड किती प्रमाणात एकाच दिशेनं हलतोय. म्हणजे त्याचं ध्रुवीकरण किती. कण सुटे आणि बारीक असले तर बरोबर काटकोनात, नव्वद अंशांवर, ते जवळजवळ पूर्ण असतं. पण दिवस जातात तसे कण एकमेकांना चिकटतात, कसेही, कुठेही, वेडेवाकडे पुंजके होतात आणि नव्वदवरचा आकडा खाली यायला लागतो. तो कोणत्या दिवशी आणि कसा खाली येतो, हा सरांचा प्रबंध. कणांना ते पोरं म्हणायचे. "पोरं बिलकुल कुणाचं ऐकत न्हाईत," असं अभिमानानं सांगायचे.

विभागाच्या टोकाला जुन्या बॅटऱ्यांची एक खोली होती. खिडक्यांना काळा कागद लावून सरांनी ती अंधारी केली. लाकडी पाटावर मोठा कोनमापक रंगवला. मध्ये इंजेक्शनची काचेची बाटली, फिरणाऱ्या पट्टीवर पोलरॉइड आणि उजेड मोजणारा छोटा सेन्सर, आणि त्याला जोडलेला मल्टीमीटर. एवढंच यंत्र. एकानं कोन लावायचा आणि आकडा वाचायचा, दुसऱ्यानं लिहायचं. वाचायला मला बोलवायचे. सर कोणाचंही रीडिंग स्वतः बघितल्याशिवाय लिहीत नसत. आपल्या गाईडचंही त्यांनी एकदा तपासलं होतं, आणि गाईडना ते आवडलं नव्हतं. मी वाचलं की तेही उठून यायचे, चष्मा कपाळावर चढवून मीटरवर वाकायचे आणि मगच लिहायचे. असं महिनाभर चाललं. मग एका दुपारी मी आकडा सांगितला आणि ते उठलेच नाहीत. म्हणाले, "तुमचं आता तपासत न्हाई मॅडम. तुमचा हात माझ्यापेक्षा शांत हाय." मला इतका आनंद झाला की घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. त्याला त्यातलं काही कळलं नाही.

त्या वर्षी डिसेंबरात प्रबंध द्यायची शेवटची मुदत होती. एप्रिलमध्ये सरांनी नवी बाटली तयार केली आणि आठवड्यातच त्यांना परीक्षेच्या कामाला परतूरला जायचा आदेश आला. तीन आठवडे. बाटली थांबवून ठेवता येत नाही, पोरं चिकटायची राहत नाहीत. सरांनी वही माझ्या हातात दिली. त्यांचा अंदाज होता की तिसाव्या दिवसापर्यंत आकडा हलणार नाही. तो अंदाज पुस्तकांवरून आणि शोधनिबंधांवरून काढलेला, आणि ते लिहिणारे थंड प्रयोगशाळांत बसलेले. आमची खोली म्हणजे वर पत्रा, खिडक्या बंद आणि बाहेर जालन्याचा एप्रिल.

बाटलीच्या नवव्या दिवशी नव्वदवरचा आकडा घसरला. मी मल्टीमीटरचा सेल बदलला. तरी तेच. लेझर परत लावला, बाटली पुसली, घाम पुसला. तरी तेच. मला वाटलं, माझ्या हातून काहीतरी बिघडलं. सरांनी पहिल्यांदा कोणावर विश्वास टाकला आणि मी आठवड्याच्या आत त्याचं वाटोळं केलं. आदल्या दिवसाचा आकडा इतका सुंदर होता. मी तो बघितला, त्यात थोडं कमी केलं आणि लिहून टाकलं. दुसऱ्या दिवशी तो अजून घसरला. मग कालच्याला जुळेल असा आजचा लिहावा लागला. एकदा बसवलं की रोज बसवावं लागतं. सर येईपर्यंत मी ते केलं, नीट अक्षरात, पेननं, एकही खाडाखोड न करता.

सर परत आले आणि पहिल्याच दुपारी स्वतः मोजायला बसले. नव्वदला मीटरनं जे दाखवलं ते माझ्या कालच्या आकड्याच्या निम्म्याच्या आसपास होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आपलाच डोळा चुकला असं धरून ते कामाला लागले. सेल बदलला. सेन्सर काढून दुसरा लावला. कोनमापक उखडून नवा आखला. डोळे तपासून आले. आठ दिवस तो माणूस स्वतःची चूक शोधत होता आणि मी शेजारी उभी राहून त्यांना पेचकस देत होते. त्या आठ दिवसांची मला आजही लाज वाटते. आकडे लिहिताना निदान भीती तरी होती. या आठ दिवसांना कसलंही निमित्त नव्हतं.

नवव्या दिवशी त्यांनी विचारलं, "मॅडम, मी नव्हतो तेव्हा आकडा कधी हलला होता का? थोडाबी?"

मी सगळं सांगितलं. कोणत्या दिवसापासून, कसं, किती. त्यांनी मध्ये अडवलं नाही. वही पुढे ओढून माझी पानं एकेक करून उलटली.

"पोरं मार्कासाठी बसवतात," ते म्हणाले. "तुम्ही कशासाठी बसवलं?"

"तुमच्यासाठी."

सरांनी नवव्या दिवसाच्या पानावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "जे शोधून राह्यलो होतो तेच आल्तं मॅडम. नवव्या दिवशी. आपल्या गर्मीत पोरं जल्दी चिकटली. अन् ते आपण पुसलं."

आपण म्हणाले. मी पुसलं होतं.

नव्यानं सुरुवात करायला हवी होती, पण सामान येऊन बाटली जमेपर्यंत पाऊस लागला असता, आणि एप्रिलच्या उकाड्याची बाटली जुलैत मिळत नाही. मुदतवाढ मागणं एवढाच रस्ता उरला. गाईडनी फोनवर साधी युक्ती सांगितली. सहायिकेनं मोजमाप चुकीचं नोंदवलं असं लिहा, तिच्या सहीचं एक पत्र जोडा, समिती वर्ष देईल. हे मला सरांनी सांगितलं नाही. दोन वर्षांनंतर विभागाची कपाटं आवरताना मला त्यांच्या अर्जाची प्रत सापडली तेव्हा मी गाईडना विचारलं, आणि त्यांनी सांगितलं. अर्जात एकच ओळ होती. मोजमाप माझ्याकडून चुकले, सबब मुदतवाढ मिळावी. खाली समितीचा शेरा होता, की उमेदवाराचा निष्काळजीपणा हे मुदतवाढीचं कारण होऊ शकत नाही. नोंदणी रद्द झाली. त्यानंतर दोन वर्षांत सर निवृत्त झाले आणि फलकावरचं त्यांचं नाव होतं तसंच उतरलं. रविवारच्या फोनवर भाऊ अजूनही तेच विचारायचा का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

अर्जाची प्रत घेऊन मी त्यांना निरोप समारंभाच्या आदल्या दिवशी गाठलं होतं. म्हटलं, तुम्ही आयुष्यात एकही खोटा आकडा लिहिला नाही, आणि हे कसं लिहिलंत? त्यांनी कागद वाचला, जणू दुसऱ्या कोणाचा आहे.

"खोटं कुठंय? वाचणारा वाचतो. तपासायचं काम माझं व्हतं. मी न्हाई तपासलं."

"माझं नाव लिहिलं असतं तर तुम्हाला वर्ष मिळालं असतं."

"अन् तुम्हाला जूनमधे ऑर्डर मिळाली नसती," ते म्हणाले आणि कागद खिशात घातला.

तासिका तत्त्वावरच्या माणसाची ऑर्डर दरवर्षी नव्यानं निघते. वहीत खोटं लिहिणारी बाई म्हणून माझं नाव एकदा विद्यापीठाच्या कागदावर गेलं असतं तर ती कधीच निघाली नसती. आज मी त्याच कॉलेजात कायम आहे. हे कोणाच्या जिवावर, ते मला माहीत आहे. दुसऱ्या दिवशीच्या समारंभात प्राचार्य भाषणात म्हणाले की कोरडे सरांचं संशोधन थोडं आळसात राहून गेलं. सर हसून ऐकत होते. मी पहिल्या रांगेत बसले होते आणि उठले नाही.

गेल्या वर्षी मे महिन्यात बदनापूरला सासऱ्यांकडे गेले होते, तेव्हा सरांच्या घरीही गेले. वहिनींनी दार उघडलं आणि वर बोट दाखवलं. माळवदावरच्या पत्र्याच्या खोलीला काळे कागद लावलेले होते. आत भट्टी. सर बनियनवर बसले होते. समोर तोच पाट आणि पिवळ्या पाण्याची बाटली. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्यावर हिरवी झापड. हे आता कोणासाठी चाललंय, असं मी विचारलं. म्हणाले, "कोणासाठी न्हाई. पण नववा दिवस बघायचा राह्यला ना. या, बरं झालं आलात. नव्वदला लावा."

मी पट्टी फिरवून नव्वदला लावली. मीटर वाचला आणि आकडा सांगितला, मोठ्यानं, जसा दिसला तसा.

सर पेन खाली ठेवून उठले. गुडघ्यावर हात टेकून पाटाशी आले, झापड सावरली आणि मीटरवर वाकून स्वतः वाचलं. त्या क्षणी मला लागलं, खोटं कशाला बोलू. एके काळी ते उठत नसत. पण त्याच्या पाठोपाठ असं वाटलं की छातीवरचं काहीतरी उतरलं. सरांचा आकडा माझ्यापेक्षा किंचित वेगळा आला. त्यांनी जागेवर जाऊन दोन्ही लिहिले, एकाखाली एक. आपल्या आकड्यापुढे आपलं नाव लिहिलं. मग माझ्या आकड्यापुढे माझं नाव लिहिलं, आडनावासकट, सावकाश. अर्जातून त्यांनी वगळलेलं ते नाव त्यांच्या अक्षरात मी पहिल्यांदाच पाहत होते.

"शंभर लावा," सर म्हणाले.